राख नसलेली आग: कोल्ड फ्यूजन आणि बुडबुड्यातला सूर्य

१९८९ साली दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की आम्ही काचेच्या एका भांड्यात, खोलीच्या तापमानाला, अणुकेंद्रकांचं संमीलन, म्हणजे फ्यूजन, घडवलं आहे. हेच ते ‘कोल्ड फ्यूजन’. या दाव्याविरुद्धचा सगळ्यात बिनतोड पुरावा कुठल्या उपकरणातून आला नव्हता. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. दावा करणारे दोघंही धडधाकट होते.

भौतिकशास्त्रज्ञांमध्ये हा विनोद तेव्हा जरा जास्तच क्रूर रूपात फिरत होता; त्यात प्रयोगशाळेतल्या बिचाऱ्या विद्यार्थ्यांचा बळी जायचा. पण त्या विनोदामागे जे गणित आहे, तीच या सगळ्या वादाची किल्ली आहे. म्हणून आधी ते पाहू.

ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो, ड्यूटेरियमच्या केंद्रकात त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. अशी दोन केंद्रकं एकजीव झाली, की साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ तयार होतो आणि एक न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो. उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिशियम, म्हणजे दोन न्यूट्रॉनवाला हायड्रोजन, तयार होतं आणि प्रोटॉन बाहेर पडतो. तिसरी वाट हेलियम-४ आणि सोबत जबरदस्त ऊर्जेच्या गॅमा किरणाची, पण ती इतकी दुर्मीळ, की लाखो घटनांत एखादी. हे प्रमाण कुणाचा अंदाज नाही. गेली कित्येक दशकं कणत्वरकांवर ते मोजलं गेलं आहे.

आता हिशेब करा. या क्रियेतून फक्त एक वॅट उष्णता हवी असेल, तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. दावा तर काही वॅटचा होता, आणि भांड्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती वगैरे काही नव्हतं. शेजारी उभ्या माणसाला काही तासांत प्राणघातक मात्रा मिळाली असती. तसं काही झालं नाही.

लाकूड जळलं की राख उरते. संमीलनाचीही राख असते: न्यूट्रॉन, ट्रिशियम, हेलियम, गॅमा किरण. उष्णता हा मात्र फार कच्चा साक्षीदार. ती घर्षणातून येते, विजेतून येते, रासायनिक क्रियेतून येते, आणि तापमापकाच्या चुकीतूनही ‘येते’. नुसत्या रसायनातून न्यूट्रॉन येत नाही. कोल्ड फ्यूजन असो वा द्रवातले बुडबुडे मिटवून संमीलन घडवल्याचा नंतरचा दावा, या दोन्ही वादांत मी एकच गोष्ट पाहतो: समोरचा कुठला साक्षीदार उभा करतोय.

कल्पना खुळी नव्हती

मार्टिन फ्लाइशमन हे विद्युतरसायनातलं मोठं नाव. रॉयल सोसायटीचे फेलो. स्टॅन्ली पॉन्स अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. ही माणसं भोंदू नव्हती, आणि त्यांना जे सुचलं ते त्यांच्याआधीही इतरांना सुचलं होतं.

अडचण अशी असते. दोन्ही केंद्रकं धनभारित, त्यामुळे ती एकमेकांना ढकलतात. अगदी चिकटण्याइतकी जवळ आली तर केंद्रकीय बल त्यांना कवेत घेतं, पण तिथवर पोचायचं कसं? सूर्य हे काम दीड कोटी अंश तापमान आणि प्रचंड दाब यांच्या जोरावर करतो. पुंजभौतिकी आणखी एक वाट दाखवते: डोंगर न चढता त्याच्या पोटातून पलीकडे निघण्याची शक्यता कधीच पूर्ण शून्य नसते. मात्र ही शक्यता अंतराच्या बाबतीत विलक्षण हळवी आहे. केंद्रकं थोडी जवळ आली की ती भराभर वाढते, थोडी लांब गेली की कोसळते.

याचा फायदा घेऊन खरोखरच थंड संमीलन होतं, आणि त्याबद्दल कुणाचा वाद नाही. म्यूऑन नावाचा कण इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याच्या २०७ पट जड. रेणूत इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन बसला की तो दोन्ही केंद्रकांना सुमारे दोनशे पट जवळ ओढतो, आणि क्षणात संमीलन होतं. फ्रँक आणि साखारोव्ह यांनी १९४०च्या दशकात ही शक्यता मांडली, लुईस अल्वारेझ यांच्या गटाला १९५६ मध्ये ती प्रत्यक्ष दिसली. दुर्दैव इतकंच, की म्यूऑन जगतो २.२ मायक्रोसेकंद, आणि त्याआधीच कधीकधी तयार झालेल्या हेलियमला चिकटून बसतो आणि कामातून जातो. एक म्यूऑन जेमतेम दीडशे संमीलनं घडवतो. त्यातून मिळणारी ऊर्जा तो म्यूऑन बनवायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी पडते. धंदा खरा, पण तोट्याचा.

मग पॅलॅडियम कुठून आलं? हा धातू हायड्रोजन अक्षरशः पितो. स्वतःच्या आकारमानाच्या ९०० पट हायड्रोजन वायू पोटात घेतो. १९२६ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ पानेथ आणि कुर्ट पेटर्स यांनी पॅलॅडियममध्ये हायड्रोजनचा हेलियम झाल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः दावा मागे घेतला. हेलियम सापडला होता हे खरं, पण तो हवेतला होता. काचेत मुरलेला, तापल्यावर हळूच सुटलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हेलियम परत येणार आहे.

फ्लाइशमन आणि पॉन्स यांचा विचार असा, की पॅलॅडियममध्ये विजेच्या जोरावर इतकं ड्यूटेरियम कोंबायचं, की केंद्रकं दाटीवाटीनं एकमेकांवर आदळतील. ऐकायला पटतं. पण धातूच्या जाळीत ड्यूटेरियमच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि शेजारच्या दोन जागांतलं अंतर सुमारे ०.२८ नॅनोमीटर. ड्यूटेरियमच्या साध्या रेणूत दोन केंद्रकं ०.०७४ नॅनोमीटरवर असतात. म्हणजे पॅलॅडियममध्ये जाऊन ती जवळ येण्याऐवजी जवळपास चौपट लांब जातात! आणि साध्या रेणूत तरी संमीलनाचा वेग किती? सूर्याइतक्या वजनाचं थंड ड्यूटेरियम घेतलं, तर त्यात वर्षाकाठी दोन-तीन. एक वॅट मिळवायला या वेगात जी वाढ हवी, ती लिहायला कागदावर पन्नासच्या आसपास शून्यं लागतात.

जमाखर्चाची वही

तर मग त्यांना दिसलं काय? उष्णता.

प्रयोगाची मांडणी साधी. जड पाणी, त्यात थोडं लिथियमचं संयुग, पॅलॅडियमचं ऋणाग्र, भोवती प्लॅटिनमचं धनाग्र. वीज सोडली की जड पाण्याचं विघटन होऊन ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन सुटतात. ड्यूटेरियमचा काही भाग पॅलॅडियममध्ये शिरतो. दिवस जातात, आठवडे जातात. एखादं भांडं कधीतरी अपेक्षेपेक्षा जास्त तापतं. एका प्रयोगात तर पॅलॅडियमचा ठोकळा काही अंशी वितळल्याचं त्यांनी लेखात नोंदवलं होतं.

‘अपेक्षेपेक्षा’ हा शब्द इथे सगळा घोळ करतो. समजा भांड्याला ५ व्होल्टवर १ अँपिअर वीज दिली. आत गेली ५ वॅट. पण त्यातली सुमारे दीड वॅट पाण्याचे घटक वेगळे करण्यात खर्च होते आणि वायूंच्या रूपात भांड्याच्या तोंडातून उडून जाते. म्हणून भांड्यात साडेतीन वॅट उष्णता मिळेल, अशी अपेक्षा धरायची. आता ते वायू बाहेर न जाता आतच पुन्हा एकत्र आले, तर ती दीड वॅट उष्णता होऊन परत येईल. वहीत साडेतीन लिहिलेले, तापमापक सांगतो पाच. कुठलीही नवी ऊर्जा न निर्माण होता ‘जादा’ दीड वॅट! पॅलॅडियम हे असे वायू एकत्र आणणारं उत्तम उत्प्रेरक आहे, हा योगायोग जरा जास्तच बोचरा.

दावेदारांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणत, किती जड पाणी वरून भरावं लागतं याची आम्ही नोंद ठेवतो, वायू आत जळत असते तर पाणी इतकं घटलंच नसतं. कॅलटेकचे नेथन लुईस यांचा आक्षेप होता, की भांडं ढवळलेलं नाही, त्यामुळे एका जागेचं तापमान म्हणजे सगळ्या भांड्याचं नव्हे. त्यावर फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी रंग टाकून तो भांड्यात किती लवकर पसरतो याची चित्रफीत दाखवली. म्हणजे प्रत्येक आक्षेपाला उत्तर होतं, प्रत्येक उत्तराला पुन्हा आक्षेप. उष्णतेवरचा वाद असाच चालतो, कारण दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून एक लहान आकडा काढायचा असतो आणि दोन्हीकडच्या चुका त्या लहान आकड्यात येऊन बसतात. शिवाय पहिल्या लेखात साध्या पाण्याचा तुलनेचा प्रयोगच दिलेला नव्हता. साध्या पाण्यातही तेवढीच ‘जादा’ उष्णता दिसली असती, तर प्रश्न तिथेच मिटला असता.

२३ मार्च १९८९ रोजी सॉल्ट लेक सिटीत पत्रकार परिषद झाली, शोधनिबंध नंतर छापला गेला. आधी कळस, मग पाया. शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स यांचा गट अशाच विषयावर काम करत होता आणि मान कुणाचा यावरून दोन्हीकडे ताण होता, हेही घाईचं एक कारण. पुढच्या काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी भांडी मांडली. जॉर्जिया टेकनं न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांत मागे घेतलं. त्यांचं मोजयंत्र उष्णतेनंच आकडे दाखवत होतं. यूटाच्या गटानं प्रसिद्ध केलेला गॅमा किरणांचा आलेखही एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी तपासला, तेव्हा त्याचं शिखर जिथे असायला हवं तिथे नव्हतं. १ मे रोजी बाल्टिमोरला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेत या सगळ्याची जाहीर चिरफाड झाली. अवघ्या सहा आठवड्यांत. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीनं खास निधी देऊ नये असं सांगितलं; २००४ मध्ये पुन्हा आढावा घेतला तेव्हाही निष्कर्ष फारसा बदलला नाही.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकारानं अनेक गटांनी प्रयोग केले आणि ट्रिशियम व न्यूट्रॉन मिळाल्याचं नोंदवलं. निदान त्यांनी राख शोधली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण नोंदलेलं ट्रिशियम न्यूट्रॉनच्या लाखो पट होतं. दोन वाटांचं प्रमाण जवळपास सारखं असतं हे आपण वर पाहिलं. एकीकडे लाखो आणि दुसरीकडे एक, हा हिशेब कसा जुळवायचा? शिवाय संमीलनातून सुटलेलं ट्रिशियम वेगानं आजूबाजूच्या ड्यूटेरियमवर आदळतं आणि आणखी जोरकस न्यूट्रॉन निर्माण करतं. तेही दिसायला हवे होते. जड पाण्यात आधीपासून ट्रिशियमचा अंश असू शकतो, ही साधी शक्यता त्यामुळे बाजूला सारता येत नाही.

समर्थक नंतर हेलियम-४ कडे वळले. म्हणणं असं, की धातूच्या जाळीत तिसरी दुर्मीळ वाटच मुख्य होते आणि गॅमा किरणाची ऊर्जा जाळी शोषून घेते, म्हणून न्यूट्रॉन दिसत नाहीत. म्हणजे एक चमत्कार पुरेसा नाही, तीन लागतात: केंद्रकांच्या एकमेकांना ढकलण्याची भिंत ओलांडली जावी, वाटांचं प्रमाण उलटावं, आणि किरण निमूटपणे गिळले जावेत. आणि हवेत मुळातच दर दहा लाखांत पाच भाग हेलियम असतो. प्रयोगांत सापडलेला हेलियम बहुधा याच पातळीच्या आसपासचा किंवा तिच्याखालचा. पानेथ यांची काच पुन्हा आठवते.

बुडबुड्याचा किस्सा वेगळा

इथे मात्र माझा सूर बदलतो, कारण बुडबुड्यांमागचं विज्ञान अस्सल आणि अद्भुत आहे.

जहाजाचा पंखा पाण्यात फार वेगानं फिरला, की त्याच्या पात्यामागे दाब इतका घसरतो, की पाणी थंड असूनही तिथे ‘उकळतं’. वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे दाब वाढला की क्षणात मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे मिटणं इतकं हिंस्र असतं, की कांशाच्या पात्यांवर खड्डे पडतात. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मिटणाऱ्या पोकळीचं गणित मांडलं ते याच उपद्रवामुळे. चोहोबाजूंचं पाणी एका बिंदूकडे धावतं, जागा कमी होत जाते, वेग वाढत जातो. सगळी ऊर्जा अखेर एका टाचणीच्या टोकाहून लहान जागेत येते.

१९३४ मध्ये कोलोनच्या फ्रेंझेल आणि शुल्टेस यांना पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडल्यावर छायाचित्रणाच्या काचा काळवंडलेल्या दिसल्या. बुडबुडे प्रकाश देत होते. १९८९ च्या सुमारास, म्हणजे यूटातला गोंधळ चालू असतानाच, फेलिपे गायतान यांनी एकच बुडबुडा ध्वनिलहरींत अधांतरी धरून ठेवला. तो सेकंदाला वीस-तीस हजार वेळा फुगे आणि मिटे, आणि दर वेळी लुकलुके. अंधाऱ्या खोलीत हा निळसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पाच मायक्रोमीटरचा बुडबुडा फुगून पन्नासच्या आसपास जातो आणि मिटून अर्ध्या मायक्रोमीटरवर येतो. भिंत सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगानं आत येते. प्रकाशाचा एकेक झोत सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी टिकतो. ध्वनीच्या लहरीत प्रत्येक अणूच्या वाट्याला जी ऊर्जा येते, तिच्या लाख कोटी पट ऊर्जा त्या क्षणी एका अणूकडे असते.

निसर्गात हे काम एक कोळंबी करते. पिस्तूल कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या जोरात मिटते, की पाण्याच्या फवाऱ्यामागे बुडबुडा तयार होतो. तिचा प्रसिद्ध ‘ठो’ आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुडा मिटल्याचा असतो, हे २००० साली कळलं. पुढच्या वर्षी त्यातून प्रकाशाचा अतिसूक्ष्म झोतही पडतो हे दिसलं, म्हणजे आत किमान ५,००० अंश. भक्ष्य गारद.

मग प्रश्न साहजिक आहे: हा बुडबुडा आणखी जोरात मिटवला आणि आत ड्यूटेरियम भरलं, तर? हा प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये.

उत्तर आकड्यांत आहे. गंधकाम्लात आरगॉनचा बुडबुडा मिटवून फ्लॅनिगन आणि ससलिक यांनी २००५ मध्ये सुमारे १५,००० अंश मोजले. सूर्याच्या पृष्ठभागाच्या अडीच पट. पण सूर्याच्या गाभ्याचं तापमान त्याच्या हजारपट आहे, आणि कामापुरतं संमीलन हवं तर त्याहूनही वर जावं लागतं. बुडबुड्याला तिथवर जाऊ न देणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या, पण चिवट आहेत. आत द्रवाची वाफ असते. तापल्यावर तिचे रेणू तुटतात आणि तुटताना ऊर्जा खातात. दिदेन्को आणि ससलिक यांनी २००२ मध्ये एकाच बुडबुड्यात हा रासायनिक खर्च मोजून दाखवला. दुसरं म्हणजे, बुडबुडा फार जोरात मिटवायला गेलं की त्याचा गोलपणा बिघडतो. एका बाजूनं पाण्याची धार आत घुसते आणि ऊर्जा बिंदूवर येण्याऐवजी विखुरते.

मार्च २००२ मध्ये ओक रिज प्रयोगशाळेतल्या रूसी तालेयारखान आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दावा केला, की थंड केलेल्या ड्यूटेरियमयुक्त ॲसिटोनमध्ये बुडबुडे मिटवून त्यांना संमीलन मिळालं. १९८९ मध्ये दुधानं तोंड पोळलेलं असल्यामुळे या वेळी सगळे ताकही फुंकत होते. लेख छापू नये असा आग्रह धरला गेला. संपादक डोनाल्ड केनेडी यांनी तो छापला आणि का छापला हेही लिहिलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. कारण तालेयारखान यांनी उष्णतेच्या गप्पा न मारता २.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन (ड्यूटेरियमच्या संमीलनातून सुटतात तेवढ्याच ऊर्जेचे) आणि ट्रिशियम मिळाल्याचं सांगितलं होतं, शिवाय साध्या ॲसिटोनचा तुलनेचा प्रयोगही दिला होता. साक्षीदार योग्य होता.

पण त्या साक्षीदाराला गर्दीत उभं केलं होतं. बुडबुड्यांना सुरुवात करून द्यायला त्यांनी बाहेरून न्यूट्रॉनचे झोत सोडले होते, आणि मग आतून न्यूट्रॉन आले का हे शोधत होते. विहिरीत घागरी ओतत राहायचं आणि पाण्याची पातळी पाहून नवा झरा लागला का ते ठरवायचं, तसं. वेळेचं भान काटेकोर असेल तर हे अशक्य नाही, पण फार अवघड आहे. ओक रिजमधल्याच शापिरा आणि सॉल्टमार्श यांनी त्याच उपकरणावर मोठं मोजयंत्र लावून पाहिलं. बुडबुड्यांचं लुकलुकणं आणि न्यूट्रॉन यांची वेळ जुळताना त्यांना दिसली नाही. जितकं ट्रिशियम मिळाल्याचं सांगितलं होतं त्याला साजेसे न्यूट्रॉन तर कुठेच नव्हते.

पुढे तालेयारखान पर्ड्यू विद्यापीठात गेले. २००६ मध्ये नवा निबंध आला, या वेळी बाहेरच्या झोताशिवाय. लॉस एंजेलिसच्या ब्रायन नारांहो यांनी त्यातला न्यूट्रॉनचा आलेख तपासला आणि तो कॅलिफोर्नियम-२५२ या प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्रोताशी जुळतो असं दाखवलं. तालेयारखान यांनी हे फेटाळलं. २००८ मध्ये पर्ड्यूच्या चौकशी समितीनं त्यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला. तो कशाबद्दल, हे नीट वाचायला हवं: आकडे रचल्याबद्दल नव्हे, तर ज्या प्रयोगात त्यांचा स्वतःचा सहभाग होता त्याला ‘स्वतंत्र पडताळा’ म्हटल्याबद्दल आणि कामात खरा वाटा नसलेल्या एकाचं नाव निबंधावर लेखक म्हणून घातल्याबद्दल. समर्थक आणि विरोधक दोघंही हा तपशील सोयीनं गाळतात.

त्या लॉस एंजेलिसच्या गटाची एक गोष्ट सांगायलाच हवी. नारांहो आणि सेथ पुटरमन यांनी २००५ मध्ये टेबलावर मावणाऱ्या यंत्रात संमीलन करून दाखवलं. एक स्फटिक किंचित तापवला, त्यातून उच्च विद्युतदाब मिळाला, ड्यूटेरियमचे आयन वेगानं लक्ष्यावर आदळले, सेकंदाला हजारभर न्यूट्रॉन. ते जगानं मुकाट मान्य केलं. म्हणजे ‘टेबलावरचं संमीलन’ म्हटलं की वैज्ञानिक नाक मुरडतात, हा आरोप टिकत नाही. पुटरमन यांना बुडबुड्यातही संमीलन हवंच होतं. त्यांनी निधी घेऊन तालेयारखान यांचा प्रयोग पुन्हा मांडला. काही मिळालं नाही.

वादात ऐकू येणारे युक्तिवाद

‘तेल कंपन्यांनी दाबलं.’ यूटा राज्यानं पन्नास लाख डॉलर दिले. फ्लाइशमन आणि पॉन्स यांना फ्रान्समध्ये टोयोटाशी संबंधित पैशांवर प्रयोगशाळा मिळाली, ती १९९८ मध्ये बंद झाली. जपान सरकारनं १९९०च्या दशकात स्वतंत्र कार्यक्रम चालवला. गूगलनं सुमारे तीस संशोधकांना एक कोटी डॉलरच्या आसपास पैसे देऊन वर्षानुवर्षं प्रयोग करायला लावले. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला, पुरावा सापडला नाही. २०२३ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या संस्थेनं पुन्हा एक कोटी डॉलर वाटले. असं दाबणं कुणाच्याही वाट्याला यावं.

‘सिद्धान्त नाही म्हणून नाकारलं.’ हा जास्त गंभीर. पण १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्यूलर यांना उच्च तापमानाचे अतिसंवाहक (विजेला अजिबात विरोध न करणारे पदार्थ) सापडले, त्यांचा सर्वमान्य सिद्धान्त आजही नाही, आणि तरी कुणी शंका घेत नाही. कारण काही महिन्यांत जगभरच्या प्रयोगशाळांत तो पदार्थ तयार झाला आणि तसाच वागला. कोल्ड फ्यूजन कधी होतं, कधी होत नाही. समर्थक म्हणतात, पॅलॅडियममध्ये प्रत्येक अणूमागे किमान ०.९ ड्यूटेरियम भरलं तरच होतं. ठीक आहे, पण गूगलच्या गटाला इतकी भरणी साधणंच फार कठीण गेलं, आणि अट जितकी दुर्मीळ तितकी चूक लपायला जागा जास्त.

‘आमचा पंप घेतलेल्या विजेपेक्षा जास्त वाफ देतो.’ बुडबुड्यांच्या नावावर विकली जाणारी ही यंत्रं. इथे न्यूट्रॉनची गरजच नाही, वाफ तपासा. एक किलो पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी २,२५७. म्हणून नळीतून बाहेर पडणारं सगळं कोरडी वाफ आहे असं धरलं आणि प्रत्यक्षात ते उकळत्या पाण्याचे तुषार असले, तर ऊर्जा सातपटीहून जास्त मोजली जाते. अशा प्रात्यक्षिकात नळीचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बादली किती तापते ते बघा. बहुतेक वेळा यजमानांना अचानक दुसरं काम आठवतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कर्टिस बर्लिंगेट यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. बर्लिंगेट हे गूगलच्या त्या मोहिमेतलेच. त्यांनी पॅलॅडियमच्या लक्ष्यावर एका बाजूनं ड्यूटेरियमच्या आयनांचा मारा केला, म्हणजे नेहमीचं, मान्य असलेलं संमीलन, आणि दुसऱ्या बाजूनं फ्लाइशमन-पॉन्स पद्धतीनं विजेच्या जोरावर आणखी ड्यूटेरियम भरलं. संमीलनाचा वेग १५ टक्क्यांनी वाढला. कारण अगदी सरळ आहे: लक्ष्यात ड्यूटेरियम जास्त, त्यामुळे आदळायला केंद्रकं जास्त. या यंत्रात शिरणारी वीज वॅटमध्ये मोजतात, संमीलनातून मिळणारी ऊर्जा वॅटच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. ‘जादा उष्णता’ हे शब्द त्यांनी जवळही येऊ दिले नाहीत. सगळा हिशेब न्यूट्रॉन मोजून केला आहे.